उगवलेली रोपं पुन्हा पुन्हा का कोलमडतात?

बी छान उगवतं. बीजपत्रं उघडतात, रोपं ताठ उभी राहतात. मग तीन-चार दिवसांनी सकाळी बघावं तर ट्रेच्या एका कोपऱ्यातली पाच-सहा रोपं आडवी. पानं अजून हिरवीगार, पण खोड मातीलगत चिमटून बारीक झालेलं. संध्याकाळपर्यंत शेजारची पडतात आणि दोन दिवसांत निम्मा ट्रे रिकामा होतो. पुढच्या खेपेला बियाणं बदललं, माती बदलली, तरी तेच.

टोमॅटो असो, मिरची, वांगी, कोबी की लेट्यूस, घरी रोपं करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे कधी ना कधी येतं. आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो औषधाचा: कुठलं बुरशीनाशक मारू? माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. एखाद्या वेळी रोपं पडली तर तो योगायोग असू शकतो. दर वेळी पडत असतील तर आपल्या ट्रेत पाणी हवं त्यापेक्षा जास्त वेळ थांबतंय आणि रोपांना प्रकाश हवा त्यापेक्षा कमी मिळतोय, असं धरून चालावं. या दोन गोष्टी तशाच ठेवून मारलेलं औषध फार तर तेवढा एक ट्रे वाचवतं.

पडलेलं रोप आधी हातात घ्या

टाकून देण्याआधी रोप मुळासकट अलगद काढा, मुळं पाण्यात धुवा आणि शक्य असेल तर भिंगाखाली बघा. सगळी रोपं एकाच कारणाने पडत नाहीत, आणि कारण चुकलं की उपायही उलटा होतो.

खोड मातीच्या रेषेवर पाणचट किंवा तपकिरी होऊन आकसलं असेल, तर तो डॅम्पिंग ऑफ, म्हणजे रोपं कोलमडण्याचा रोग. मुळं बघा: निरोगी मूळ पांढरं आणि घट्ट असतं. तपकिरी पडलेलं मूळ दोन बोटांत धरून ओढल्यावर वरची साल सुटून येत असेल आणि आतला बारीक धागा तेवढा उरत असेल, तर कूज मुळापासून वर चढली आहे.

खोड कुठेही कुजलेलं नाही, पण लांबट, फिकट आणि एका बाजूला झुकलेलं आहे? ते रोप आजारी नाही, त्याला उजेड पुरत नाही. स्वतःच्या वजनाने ते आडवं झालंय.

खोड सरळ कापल्यासारखं तुटलंय आणि वरचा भाग नाहीसा झालाय किंवा शेजारी पडलाय? मग गोगलगाय किंवा खोड कुरतडणारी अळी शोधा. रात्री टॉर्च घेऊन ट्रेच्या खालच्या बाजूलाही बघा, त्या बहुधा तिथेच दडलेल्या असतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पुढच्या प्रकारात. खोड ठीक, पानं मलूल, माती मात्र ओली. मलूल रोप दिसलं की हात आपोआप झारीकडे जातो, आणि नेमकं तेच त्याला मारतं. मुळांनाही श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो. मातीतल्या सगळ्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरतात, पाणी वर चढवू शकत नाहीत, आणि ओल्या मातीत उभं असलेलं रोप तहानलेलं दिसतं. म्हणून मलूल रोपाला पाणी घालण्याआधी बोट मातीत घाला. ही एकच सवय लावून घेतलीत तरी बरीच रोपं वाचतील.

आणि बी मुळी उगवलंच नसेल, तर दोन-तीन जागा उकरून बघा. बी कडक आणि कोरं असेल तर त्याला ओल किंवा ऊब मिळालेली नाही. दाबल्यावर पिचकत असेल किंवा छोटा मोड येऊन काळा पडला असेल, तर तोही डॅम्पिंग ऑफच, फक्त मातीच्या वर दिसण्याआधी काम संपवलेला. ‘बियाणं खराब निघालं’ असं आपण ज्याला म्हणतो त्यातला काही भाग खरं तर हा असतो.

हा रोग करतो काय

डॅम्पिंग ऑफ हा एका जंतूचा रोग नाही. पिथियम, फायटोप्थोरा, रायझोक्टोनिया, फ्युजेरियम असे अनेक जण हे काम करतात, आणि त्यांच्या सवयी वेगवेगळ्या आहेत. पिथियम आणि फायटोप्थोरा दिसायला बुरशीसारखे असले तरी खऱ्या बुरशीच्या कुळातले नाहीत. त्यांचं नातं तपकिरी शैवालाशी जवळचं आहे. त्यांच्या एका प्रकारच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते मातीच्या कणांभोवतीच्या पाण्यातून चक्क पोहत पुढच्या मुळाकडे जातात. माती सतत चिंब असेल तर आपण त्यांना रस्ताच करून दिलेला असतो. रायझोक्टोनियाला इतकं पाणी लागत नाही. तो धाग्यांनी पसरतो, मातीलगत खोडावर लालसर तपकिरी खोलगट डाग पाडतो आणि एका रोपावरून दुसऱ्यावर सरकत जातो. कोपऱ्यातून सुरू होऊन गोलाकार वाढत जाणारी पडझड दिसते ती अशा पसरण्यामुळेच.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. हे जंतू बागेच्या मातीत, धुळीत, जुन्या कुंडीच्या कडेला चिकटलेल्या मातीत असतातच. त्यांना घराबाहेर ठेवण्याच्या लढाईत आपण पूर्ण जिंकू शकत नाही. पण रोपाचं खोड कोवळं असतं तेवढ्याच काळात ते धोक्यात असतं. दोन-तीन खरी पानं (बीजपत्रांनंतर येणारी) आली आणि खोड जरा कणखर झालं की त्याच मातीत, त्याच जंतूंच्या शेजारी ते रोप बहुतेकदा तग धरतं. म्हणजे मोड फुटल्यापासून खोड कणखर होईपर्यंतचा काळ जितका लांबेल तितका धोका मोठा. गार माती, अपुरा उजेड, फार खोल पेरणी, खताचा अतिरेक, दाटी या सगळ्या गोष्टी वाढ रेंगाळवतात आणि तो काळ लांबवतात. म्हणून मी प्रकाश आणि तापमान यांनाही रोगनियंत्रणातच धरते.

पडझड सुरू झाली असेल तर

पडलेलं रोप परत उभं राहत नाही, त्याला आधार देऊन उपयोग नाही. ते आणि त्याच्या भोवतीची दोन-तीन सेंटिमीटर माती चमच्याने उचलून काढा. कप्प्यांचा ट्रे असेल तर ते कप्पे रिकामे करा. ही माती कंपोस्टच्या डब्यात टाकू नका. झाकण असेल तर काढा, पाणी बंद करा, वरचा थर फिकट दिसेपर्यंत थांबा, आणि रोपांवरून हलकी झुळूक जाईल असा छोटा पंखा जवळ ठेवा. उरलेली रोपं मोजकीच आणि निरोगी असतील, तर ती नव्या, ओलसर पण चिंब नसलेल्या मिश्रणात हलवणं हा सगळ्यात चांगला मार्ग. हलवताना बीजपत्राला धरा, खोडाला नाही. बीजपत्र फाटलं तर रोप ते सहन करतं. कोवळं खोड दाबलं गेलं तर तिथूनच कूज लागते.

दालचिनीची पूड वरून भुरभुरावी असा सल्ला खूप फिरतो. दालचिनीच्या अर्काने बुरशीची वाढ रोखली जाते हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण ट्रेच्या पृष्ठभागावरची पूड खाली चिंब झालेल्या मुळांपाशी काही करत नाही. ती टाकून झाली की आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि पाणी तसंच चालू राहतं, हा तिचा खरा तोटा.

रासायनिक बुरशीनाशकाबाबत एवढं लक्षात असू द्या की एक औषध सगळ्यांवर चालत नाही. मेटॅलॅक्सिल पिथियमच्या गटावर चालतं, रायझोक्टोनियावर नाही. कार्बेन्डाझिमचं उलट आहे. जंतू कोणता हे माहीत नसताना मारलेलं औषध हा निव्वळ अंदाज असतो, आणि घरातल्या खिडकीत, खायच्या भाजीच्या रोपांवर असा अंदाज करावा असं मला वाटत नाही.

ट्रायकोडर्माची गोष्ट वेगळी. ही मातीतलीच एक बुरशी आहे. ती इतर बुरशींवर जगते हे 1932 मध्ये वाईंडलिंग या शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. ती मुळांभोवतीची जागा आधी व्यापते, म्हणून तिचा उपयोग रोग येण्याआधी होतो. पेरण्यापूर्वी मिश्रणात मिसळा किंवा बियांना चोळा. पुडक्यावरची मुदत तपासा, कारण आत जिवंत बीजाणू असतात, आणि रासायनिक बुरशीनाशकासोबत ती वापरू नका. रोपं पडायला लागल्यावर ट्रायकोडर्मा ओतून फारसं काही हाती लागत नाही.

पाणी इतका वेळ का थांबतं

बहुतेक जण म्हणतात, ‘मी पाणी बेतानेच घालते.’ आणि ते खरंही असतं. मग ट्रे चिंब का राहतो? याचं उत्तर ट्रेच्या उंचीत आहे.

कोणत्याही भांड्यातलं मिश्रण, खाली कितीही भोकं असली तरी, पूर्ण निथळत नाही. तळाशी एक थर पाण्याने भरलेलाच राहतो, कारण बारीक पोकळ्या ते पाणी धरून ठेवतात आणि गुरुत्वाकर्षण त्यांच्यापुढे कमी पडतं. या थराची जाडी मिश्रणावर ठरते, भांड्याच्या उंचीवर नाही. घरात करून बघण्यासारखी गोष्ट आहे: भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळू लागतं. स्पंज तोच, पाणी तेच, फक्त उंची वाढली. उंच कुंडीत तळाचा ओला थर मुळांपासून लांब असतो; चार-पाच सेंटिमीटर उंचीच्या ट्रेमध्ये तो जवळपास मुळांपर्यंत येतो. म्हणून जे मिश्रण मोठ्या कुंडीत उत्तम चालतं तेच ट्रेमध्ये चिखल होऊन बसतं.

तळाशी खडे घातले की निचरा सुधारतो, ही समजूत सोडून द्या. खड्यांमुळे ओला थर नाहीसा होत नाही, तो फक्त वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. उपाय मिश्रणात करायला हवा. बागेतली माती ट्रेमध्ये एकटी कधीच वापरू नका. ती दबते, आणि तिच्यासोबत सगळे जंतूही येतात. कोकोपीटसारखं हलकं माध्यम घेऊन त्यात आकारमानाने चौथाई ते एक तृतीयांश परलाईट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) मिसळलं की पोकळ्या मोठ्या होतात. गांडूळखत घालायचं असेल तर ते पूर्ण कुजलेलं असू द्या आणि प्रमाण थोडं ठेवा. ते बारीक असतं, पाणी धरून ठेवतं, आणि त्यातले क्षार कोवळ्या मुळांना जड जातात. कोकोपीटसुद्धा खारट निघू शकतं. ते दोन-तीनदा साध्या पाण्याने धुवून पिळून घ्यावं. ट्रे भरताना मिश्रण बोटांनी ठासू नका. ट्रे जमिनीवर एकदा हलकेच आपटला की पुरेसं बसतं.

कोकोपीटची आणखी एक फसवणूक आहे. त्याचा वरचा थर लवकर वाळून फिकट होतो आणि खाली मात्र ओल असते. रंग बघून पाणी घालणारा माणूस इथे रोज चुकतो. वजनावर जा. ट्रे पूर्ण भिजवून निथळल्यावर उचलून बघा, मग तो वाळत जाईल तसा रोज उचला. दोन-तीन दिवसांत हाताला फरक कळायला लागतो. भिजलेल्या वजनाच्या निम्म्याच्या जवळ आला की पाणी द्यायचं, त्याआधी नाही.

पाणी खालून द्यावं हे मी आग्रहाने सांगेन. पसरट भांड्यात एक-दोन सेंटिमीटर पाणी घेऊन ट्रे त्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा, वरचा थर ओलसर दिसायला लागला की बाहेर काढा आणि निथळू द्या. भांड्यात पाणी तसंच ठेवून ट्रे त्यातच विसरणं हे वरून रोज पाणी घालण्यापेक्षा वाईट. शक्यतो सकाळी पाणी द्या, म्हणजे रात्र पडेपर्यंत खोडं आणि पृष्ठभाग कोरडे होतात.

पारदर्शक झाकण हे उगवणीपुरतं असतं. निम्मं बी वर आलं की ते काढा, उरलेल्या निम्म्याची वाट बघत बसू नका. आणि एवढंसं रोप मोठ्या कुंडीत लावू नका: मुळं पोहोचत नाहीत त्या भागातलं पाणी कुणी वापरत नाही, आणि ते तिथेच साचून राहतं.

जुने ट्रे आधी ब्रशने घासून धुवा. मातीचे कण शिल्लक असतील तर ब्लीच त्यांच्यावरच खर्च होतं. मग घरगुती ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा द्रावणात दहा मिनिटं बुडवून ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि वाळवा. जुनं मिश्रण ओव्हनमध्ये तापवून वापरायचं असेल तर ते ओलसर असताना 82 अंश सेल्सियसला अर्धा तास पुरतो. त्याहून जास्त तापवलं तर अमोनिया आणि मँगनीज मोकळं होऊन रोपांनाच बाधतं.

डोळ्यांना दिसतो तेवढा उजेड नसतो

आपले डोळे उजेडाशी इतक्या सहज जुळवून घेतात की खोलीतला अंधार आपल्याला कळतच नाही. भर दुपारच्या उन्हात प्रकाश सुमारे 1,00,000 लक्स (उजेड मोजण्याचं एकक) असतो. थेट ऊन न येणाऱ्या खिडकीशी तो काही हजारांवर येतो, आणि खिडकीपासून दोन मीटर आत काही शेकड्यांवर. भाजीच्या रोपाला दिवसाचे चौदा ते सोळा तास साधारण 10,000 ते 20,000 लक्स मिळाले तर ते ठेंगणं आणि घट्ट वाढतं. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण खिडकी आणि टेबल यांतला फरक ते स्पष्ट दाखवतं. एकदा मोजून बघाच.

उजेड कमी पडला की रोप आपली साठवण खोड लांबवण्यात घालतं, कारण मातीखालून किंवा दुसऱ्या झाडाच्या सावलीतून वर येण्याचा तोच मार्ग त्याला ठाऊक आहे. त्याच वेळी खोली उबदार असेल तर लांबी आणखी झपाट्याने वाढते. कमी उजेड आणि जास्त ऊब ही जोडी सगळ्यात घातक. म्हणून उगवणीसाठी खाली हीटिंग मॅट ठेवली असेल तर बी वर येताच ती काढा, आणि रात्रीचं तापमान दिवसापेक्षा चार-पाच अंशांनी कमी असू द्या.

पांढऱ्या एलईडी ट्यूब वापरत असाल तर त्या रोपांच्या शेंड्यापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर ठेवा आणि रोपं वाढतील तशा वर उचला. छताच्या दिव्याचा रोपांना उपयोग नाही. जास्त वॅटचं पॅनेल असेल तर अंतर जास्त लागतं. पानं वर वळायला किंवा फिकट पडायला लागली तर ते आणखी वर घ्या. दिवा चोवीस तास चालू ठेवू नका. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानं पिवळी पडतात. टायमर लावून टाकलात की विसरण्याचा प्रश्नच उरत नाही.

पंख्याचा उल्लेख वर आलाच आहे. त्याचा दुसरा फायदा असा की हलणारं खोड जाड आणि आखूड होतं. स्पर्शाने आणि वाऱ्याने झाडाची घडण बदलते या गोष्टीला मार्क जाफी यांनी 1973 मध्ये थिग्मोमॉर्फोजेनेसिस हे नाव दिलं. पंखा नसेल तर कोरड्या तळहाताने रोपांच्या शेंड्यांवरून दिवसातून दोनदा हलकेच हात फिरवा. पानं ओली असताना किंवा ट्रेमध्ये रोग असताना मात्र हे करू नका. आणि तंबाखू हाताळली असेल तर टोमॅटो-मिरचीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा, कारण तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांमधून या रोपांपर्यंत पोहोचतो.

लांबलेलं रोप आखूड होत नाही. टोमॅटो मात्र वाचवता येतो: दुसऱ्या कुंडीत बीजपत्रांपर्यंत खोल लावा, पुरलेल्या खोडाला नवी मुळं फुटतात. कोबीवर्गातली रोपंही बीजपत्रांच्या जरा खालपर्यंत पुरलेली चालतात. काकडी आणि भोपळ्याच्या कुळात हा प्रयोग करू नका, त्यांचं खोड सहज कुजतं. लेट्यूसचा मधला कोंब मातीत गेला तर तोही सडतो. ही रोपं फार लांबली असतील तर चांगल्या उजेडाची सोय करून पुन्हा पेरा; वेळ वाया गेल्यासारखं वाटतं, पण ताजं, ठेंगणं रोप जुन्या लांबट रोपाला गाठतं.

उगवणच उशिरा होत असेल

इथे हवेचं नव्हे, मिश्रणाचं तापमान मोजा. ओलं मिश्रण खोलीपेक्षा दोन-तीन अंश थंड असतं. टोमॅटोचं बी 25 अंश सेल्सियसला सुमारे सहा दिवसांत वर येतं, 15 अंशाला दोन आठवडे घेतं आणि 10 अंशाला सहा आठवडे. मिरचीला 25 अंशाला आठ दिवस लागतात, 15 अंशाला पंचवीस. तीन आठवडे ओल्या, गार मातीत पडलेलं मिरचीचं बी पिथियमच्या तावडीत न सापडलं तरच नवल. लेट्यूसचं उलट आहे: 25 अंशाला दोन-तीन दिवसांत उगवणारं बी 35 अंशाला उगवतच नाही, आणि त्याला उगवायला उजेडही लागतो, म्हणून ते मातीखाली गाडू नये. बाकी बियांना त्यांच्या जाडीच्या दोन-तीन पट माती पुरते.

बियांची शंका असेल तर दहा बिया ओलसर टिश्यू पेपरात गुंडाळून पिशवीत उबदार जागी ठेवा आणि कितींना मोड येतात ते मोजा. कांद्याचं बी वर्ष-दोन वर्षांत कमजोर होतं. टोमॅटो आणि काकडीचं नीट कोरडं ठेवलं तर चार-पाच वर्षं चालतं.

बीजपत्रांवर बियांचं टरफल टोपीसारखं अडकून राहिलं असेल तर पेरणी उथळ झाली किंवा वरचा थर वाळला. त्यावर पाण्याचा थेंब ठेवा, तासाभराने मऊ झालं की अलगद सरकवा. कोरडं ओढलंत तर शेंडा तुटेल.

काळी चिलटं

ट्रे हलवल्यावर दोन-तीन मिलिमीटरची काळी चिलटं उडत असतील तर त्या फंगस नॅट. उडणाऱ्या माश्या रोपाला काही करत नाहीत. त्यांच्या पारदर्शक, काळ्या डोक्याच्या अळ्या मात्र ओल्या मातीच्या वरच्या थरात कोवळी मुळं कुरतडतात, आणि पिथियमचे बीजाणूही इकडून तिकडे नेतात. बटाट्याची फोड मातीवर ठेवून दोन दिवसांनी उलटी करून बघा. अळ्या असतील तर खाली दिसतील. पिवळे चिकट सापळे माश्या पकडतात, पण पिढी तोडायची तर वरचा थर वाळू द्यावा लागतो, कारण अंडी तिथेच घातली जातात. एवढ्याने भागलं नाही तर बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस) हा जिवाणू पाण्यातून द्या. हा 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडला. डास आणि चिलटांच्या अळ्यांवर तो चालतो, रोपाला आणि माणसाला अपाय करत नाही. माश्यांचं चक्र तीन-चार आठवड्यांचं असल्याने एकदा देऊन थांबू नका, आठवड्यातून एकदा असं तीन-चार आठवडे द्या.

मातीवर हिरवा थर आला तर ते शेवाळ. पांढरा कापसासारखा थर आला तर बहुधा मृत काड्याकचऱ्यावर वाढणारी बुरशी. दोन्ही रोपाला थेट मारत नाहीत. पण दोन्ही सांगतात ते एकच: इथे ओल जास्त आहे.

पानांचा रंग बदलला तर

पहिलं खरं पान येईपर्यंत रोप बीजपत्रांतल्या साठ्यावर जगतं, तोवर खत देऊ नका. त्यानंतर पुडक्यावरच्या मात्रेच्या पावपट द्रवखत आठवड्यातून एकदा पुरतं. खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही, आणि ट्रेमध्ये त्याचं कारण बहुतेकदा लोहाची कमतरता नसून चिंब, गुदमरलेली मुळं असतात. पानांच्या खालची बाजू जांभळी झाली की लोक स्फुरद घालतात. त्याआधी मातीचं तापमान बघा. 15 अंशांच्या खाली मुळांना मातीत असलेलं स्फुरदही घेता येत नाही, आणि ऊब मिळाली की रंग आपोआप जातो. कडा तपकिरी होऊन वाळत असतील तर क्षार साचलेत: साध्या पाण्याने एकदा भरपूर धुवून निथळू द्या.

दाटी झाली असेल तर विरळणी करताना जादा रोपं उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा. उपटताना शेजाऱ्याची मुळं तुटतात आणि ती जखम म्हणजे जंतूंना उघडं दार. विरळणी करताना मन धजत नाही हे मला ठाऊक आहे, पण एका कप्प्यात तीन रोपं ठेवली तर तिन्ही लांबतात.

बाहेर नेताना

घरात उत्तम वाढलेली रोपं बाहेर नेल्यावर एका दिवसात पांढरी पडली, तर तो रोग नाही, ऊन लागलंय. घरातल्या प्रकाशात वाढलेल्या पानाची त्वचा पातळ असते. सात ते दहा दिवस घ्या: पहिल्या दिवशी सावलीत तासभर, मग रोज वेळ वाढवत सकाळचं कोवळं ऊन, आणि शेवटी दिवसभर. या काळात पाणी थोडं कमी करा, रोपं मलूल होण्याइतकं मात्र नाही. जोराचा वारा असेल त्या दिवशी आडोशाला ठेवा. पांढरे, कागदी डाग पडलेली पानं परत हिरवी होत नाहीत, पण ती लगेच तोडू नका. डागाबाहेरचा हिरवा भाग अजून काम करत असतो. शेंडा हिरवा असेल तर सावलीत ठेवा आणि आठवडाभर नव्या पानांची वाट बघा, मगच जमिनीत लावा.